ऑप्टोमेट्रीला का गेलात? खरं कारण सांगा, मुलाखतीतलं नको

गंगाखेडचा_गडी
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाव गंगाखेडजवळ. बारावी सायन्स, मग लातूरला दोनदा 'नीट', मेडिकल प्रवेशाची परीक्षा. पहिल्या वेळी वाटलं पेपर अवघड होता. दुसऱ्या वेळी पेपर सोपा होता, तरी तेच. तिसऱ्यांदा बसायची ना माझी इच्छा, ना आप्पांच्या खिशाची. मामांनी बी.ऑप्टम सुचवलं, म्हणजे ऑप्टोमेट्रीची, नजर तपासून चष्म्याचा नंबर काढायची पदवी, तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. मुलाखतीला गेलो. मॅडमनी विचारलं, ऑप्टोमेट्रीच का? मी पाठ केलेलं सांगितलं, ग्रामीण भागातल्या गोरगरिबांची सेवा करायची आहे. मॅडम हसल्या. "तुझ्या आधीचे सहाही जण हेच बोलून गेले. तुला चष्मा आहे का रे?" नाही म्हटलं. "घरात कुणाला?" तेही नाही. "मग डोळ्यांशी तुझा संबंध काय?" मी गप्प.

तरी सीट मिळाली. फी भरायला पंधरा दिवस आहेत. मॅडमचं सोडा, पण आप्पांना काय सांगू? आमचं कृषी सेवा केंद्र आहे, आप्पा दिवसभर गल्ल्यावर. त्यांचा एकच प्रश्न: "चष्म्याच्या दुकानात बसायला चार वर्षं कामून लागतेत?" मला उत्तर येत नाही. या लाइनीत जे आहेत त्यांनी खरं सांगावं, तुम्ही का गेलात?

खडूस_खविस
खरं कारण एकच. नीट. बाकीचं सगळं मागाहून शिवलेलं.

रेटिनोताई
खडूसभाऊ, मान्य. आमच्या वेळी नीट नव्हती, सीईटी होती, एवढाच फरक.

मी औसा तालुक्यातली. २००९ ला सीईटीत आपटले. बी.एस्सी. करून पुढं काय, तर लग्न, हे घरात ठरल्यातच जमा होतं. ओळखीच्या एका कंपाउंडरकाकांनी बाबांना सांगितलं, डोळ्यांच्या कोर्सला टाका, दवाखान्यात नोकरी मिळते आणि रात्रपाळी नसते. 'रात्रपाळी नसते' यावर बाबांनी सही केली. माझं खरं कारण हेच. मुलाखतीत मीही सेवा-बिवा म्हणाले होते.

मन कुठं बसलं ते सांगते. दुसऱ्या वर्षी अंधाऱ्या खोलीत हातात रेटिनोस्कोप दिला. पेशंटनं लांब बघायचं, आपण हातभर अंतरावरून, ६६ सेंटिमीटर धरतात, त्याच्या बाहुलीत उजेडाची पट्टी टाकायची आणि हळू हलवायची. आतून तांबूस उजेड परत येतो. तो पट्टीसोबत सरकला की प्लसची काच, उलटा पळाला की मायनसची. काचा बदलत जायचं. कधीतरी बाहुली एकदम भरून उजळते आणि आत काहीच हलत नाही. हातात असलेल्या काचेतून अंतराचे दीड वजा केले की उरला तो नंबर. समोरचं माणूस या सगळ्यात चकार शब्द बोललेलं नसतं. ते दोन वर्षांचं लेकरू असेल, मुकं असेल, कानडी बोलणारी आज्जी असेल. डोळा स्वतःचा हिशेब स्वतः देतो. मला पहिली बरोबर रेटिनोस्कोपी जमायला दोन महिने लागले. त्या दिवशी होस्टेलवर जाऊन रूममेटला, तिच्या मैत्रिणीला, मेसच्या मावशींना, दिसेल त्याला अंधारात बसवलं.

आता माझी चूक पण सांगते, कारण तुम्ही खरं मागितलंय. नोकरीचं पहिलं वर्ष. एका झेडपीच्या शाळेत तपासणीला गेलो. चौथीचा वर्ग, व्हरांड्यात तक्ता, सहा मीटरवर खडूची रेघ. पोरांची रांग भिंतीला लागून, तक्ता सगळ्यांना दिसेल अशी. एकेक पोरगं यायचं, एक डोळा झाकायचं, घडाघडा शेवटची ओळ म्हणायचं. मी ६/६, ६/६ लिहीत सुटले. मनात म्हटलं, काय नजर आहे गावाकडच्या लेकरांची. दुपारच्या सुट्टीत एक पोरगी नळावर पाणी पिता पिता तीच शेवटची ओळ पाढ्यासारखी म्हणत होती. चालीत. माझ्या पोटात गोळाच आला.

सुट्टीनंतर रांग वर्गात कोंडली, ई चा तक्ता काढला (दांड्या कुणीकडं आहेत ते बोटानं दाखवायचं, पाठ करायला काही उरत नाही), दर पोराला तक्ता फिरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नळावरची पोरगी आली. उजवा डोळा उत्तम. उजवा झाकला तर ती मान वळवून बोटांच्या फटीतून बघायला लागली. नीट झाकला तर डाव्यानं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर तेवढं सांगितलं. म्हणजे ६/६०, चांगल्या नजरेला साठ मीटरवरून दिसतं ते तिला सहावरून. पुढं दवाखान्यात थेंब टाकून तपासलं तर त्या डोळ्याला प्लस पाचच्या वर नंबर. एक डोळा चांगला असल्यामुळं घरात, शाळेत कुणाला पत्ताच नाही. मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलेलं. यालाच आळशी डोळा म्हणतात.

वय नऊ. सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर सगळ्यात चांगलं, म्हणून उशीरच झाला होता. चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. पहिल्याच महिन्यात आईनं पट्टी फेकून दिली. "चांगला डोळा झाकून आंधळी करता का माझ्या लेकराला?" तिला समजवायला मी तीनदा त्या गावाला गेले, एकदा तर चहासुद्धा विचारला नाही. दीड वर्षात डोळा ६/१८ वर आला. त्यापुढं हलला नाही.

सकाळच्या माझ्या यादीत तिच्या नावापुढं ६/६, ६/६ असंच लिहिलेलं आहे. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

खडूस_खविस
बरं. मी गप्प बसतो.

जिंतूरचा_चष्मेवाला
गडीभाऊ, मी तोच, दुकानात बसणारा. आप्पांचा प्रश्न माझ्यासाठीच आहे, म्हणून मीच उत्तर देतो.

मी गेलो धंदा वाढवायला. वडिलांचं दुकान, तालुक्याच्या बाजारात. काउंटरवर डब्यात वाचायचे चष्मे: प्लस एक, दीड, दोन, अडीच. चाळिशी लागलेलं गिऱ्हाईक यायचं, चारपाच घालून बघायचं, पंचांगातली अक्षरं दिसली की पैसे देऊन जायचं. नंबर काढायला आठवड्यातून एकदा बाहेरून माणूस यायचा. मला वाटलं मीच शिकलो तर त्याचे पैसे वाचतील. एवढाच विचार, सेवेचा स सुद्धा नव्हता.

कोर्सच्या आधी मी एक घोळ घातला होता. आमच्याच गल्लीतले एक सर. सिलिंडरचा नंबर होता, म्हणजे काच ठरावीक कोनातच बसवावी लागते; तो कोन, अॅक्सिस, ९०. मी काच बसवताना १८० वर बसवली. सर चष्मा घालून घरी गेले आणि तासाभरात परत. म्हणाले, "अरे, अंगणातली फरशी तिरकी झाली रे, पायरी कुठं संपते कळंना." मी म्हटलं, नवीन चष्मा आहे, सवय होईल, आठ दिवस घाला. आठ दिवस घातला बिचाऱ्यांनी! डोकं धरून बसायचे. 'सवय होईल' हे वाक्य आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप आहे. कधी ते खरं असतं, कधी ती आपली चूक असते, आणि कुठलं कुठलं ते ओळखायला शिकावं लागतं. आप्पांना सांगा, चार वर्षं त्यासाठी लागतात.

दुसरं, आप्पा म्हणतील आता तर कॉम्प्युटरवर नंबर निघतो. निघतो. त्या मशीनमध्ये लांब रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो, बघितलाच असेल. मोठ्या माणसाला ते मशीन अंदाज चांगला देतं. लेकराचं तसं नाही. त्याला माहीत असतं की डबा नाकासमोर आहे, ते जवळचं बघायला डोळ्यावर जोर लावतं आणि मशीन नसलेला मायनस छापून देतं. ती चिठ्ठी घेऊन लोक माझ्याकडं येतात, "हाच नंबर टाका". मी म्हणतो, आधी थेंब टाकून, तो जोर सोडवून, तपासून आणा. गिऱ्हाईक जातं कधीकधी. वडील चिडतात.

निवृत्त_मास्तर
चर्चा छान. आमच्या लातूर जिल्ह्याचं नाव या क्षेत्रात मोठं आहे हे विसरू नका. डॉ. तात्याराव लहाने रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे. एक लाखाहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, २००८ साली पद्मश्री. त्यांच्यासारखं व्हा!

रेटिनोताई
मास्तर, आदर आहेच. पण पोराचा गोंधळ नको म्हणून सांगते: ते नेत्रतज्ज्ञ. एमबीबीएस, मग डोळ्यांत एमएस. शस्त्रक्रिया ते करतात. ऑप्टोमेट्रिस्ट चाकू हातात घेत नाही. नजर तपासणं, नंबर, कॉन्टॅक्ट लेन्स, तिरळेपणाचे व्यायाम, कमी दिसणाऱ्यांसाठी भिंगं, काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब आणि फील्ड (आजूबाजूचं किती दिसतं ते) तपासणं, आजार ओळखून वेळेत पुढं पाठवणं, ही आमची हद्द. गडी, हे आधीच पक्कं कर. डॉक्टर व्हायचं राहिलं म्हणून ऑप्टोमेट्रीत आलेले आणि आयुष्यभर नाकाला मिरची लागलेले पुष्कळ बघितलेत.

निवृत्त_मास्तर
बरोबर आहे ताई, सुधारलं. एक अनुभव लिहितो. माझा एक विद्यार्थी, हुशार, कॉलेजला रोज एसटीनं जायचा. आठवड्यातून एकदा तरी उशीर. विचारलं तर म्हणाला, सर, चुकीच्या गाडीत बसतो. पाटीवर 'पर' एवढंच दिसायचं त्याला, पुढं 'ळी' की 'भणी' ते गाडी जवळ आल्यावर. परभणीला निघालेला पोरगा परळीच्या रस्त्याला लागायचा! मायनस साडेतीन निघाला. वर्गात मी त्याला पाच वर्षं पहिल्या बाकावर बसवलं, लक्ष देतो म्हणून. लक्ष कसलं, त्याला मागून दिसतच नव्हतं. आम्हा मास्तरांना हे कुणी शिकवलं नाही.

लेन्स_ऑफर_२४
[जाहिरात असल्यामुळं प्रतिसाद काढला आहे. – संपादक]

धर्माबादी
आमच्याकडची गोष्ट वेगळी. धर्माबादहून तेलंगणातलं मुधोळ जवळ. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचं केंद्र तिथं १९९६ पासून आहे. सीमेवरच्या आमच्या लोकांना डोळ्याचं म्हटलं की मुधोळ. माझ्या आज्जीला मी तिथं घेऊन जायचो. तिथं बघितलं की डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी दोन-तीन टेबलं लागतात, आणि त्या टेबलांवरची पोरंपोरी आपल्यासारखीच, खेड्यातली. त्यांची रचनाच तशी आहे: खाली साधारण पन्नास हजार लोकवस्तीला एक दृष्टी केंद्र, तिथं गावाकडचाच शिकवलेला माणूस, त्याच्या वर मुधोळसारखं शस्त्रक्रियेचं केंद्र, सगळ्यात वर हैदराबाद.

आज्जीचे डोळे तपासणारी मुलगी तेलुगू मिश्रित मराठीत म्हणाली, "अव्वा, वर बघा, खाली बघा." आज्जी लाजली, कारण आमच्यात अव्वा म्हणजे फार जवळचं. परत येताना म्हणाली, तू असलं काही शिक. मी शिकलो. हैदराबादला. आमच्याकडून अजिंठा एक्सप्रेसनं सोपं पडतं, पुण्यापेक्षा. हे माझं कारण. खविसभाऊ, मी नीटचा फॉर्म भरला नव्हता, पावती आहे.

खडूस_खविस
न भरलेल्या फॉर्मची पावती कशी असते? पण असो, आज्जीपुढं हरलो.

पुण्यातली_नोकरी
कुणीतरी पाणी ओतायला हवं, ते मी ओततो. बी.ऑप्टम झालो, मूळचा सेलूचा. पहिली नोकरी चष्म्यांच्या एका मोठ्या साखळीत, मॉलमध्ये. हातात बारा हजार. खोलीभाडं निम्मं. सकाळी मीटिंग: आज किती प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) विकायचे, किती कोटिंग. दिवसाला तीस डोळे, एकाला दहा मिनिटं. एका काकांच्या डोळ्याचा दाब मशीननं २८ दाखवला. साधारण २१ पर्यंत ठीक मानतात. मी म्हटलं, आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा, चष्मा नंतर घ्या. मॅनेजरनं संध्याकाळी बाजूला घेतलं, "गिऱ्हाईक बाहेर कशाला पाठवलं?" मी काचबिंदू म्हटलं तर तो म्हणाला, "ते आपलं काम नाही." मग आपलं काम काय, हे मला त्या रात्री झोपू देईना.

दीड वर्षानं सोडलं, आता हॉस्पिटलमध्ये आहे. पगार बरा झालाय, भरपूर नाही. मित्र दुबई-मस्कतला गेले, ते खुशीत आहेत. आप्पांना पगाराचं खोटं सांगू नको. पहिली तीन-चार वर्षं घरून पैसे मागायची वेळ येते, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर लक्ष ठेव.

हां, एक चांगलं झालंय. २०२१ साली संसदेनं अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहेत. राष्ट्रीय आयोग, राज्यांच्या परिषदा, नोंदणी. याआधी सहा महिन्यांचा डिप्लोमावाला आणि मी, दोघांच्याही पाटीवर 'नेत्र तपासणी' सारखंच लिहिलेलं असायचं.

डॉ_मोतीबिंदू
मी नेत्रतज्ज्ञ, मराठवाड्यातच. 'का गेलात' याचं उत्तर मला लागू नाही, पण आमच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट नसला तर काय होतं ते सांगू शकतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आत जी लेन्स बसते तिचा नंबर आधी मोजून काढावा लागतो. डोळ्याची लांबी साधारण २३-२४ मिलीमीटर. ती मोजताना प्रोब, म्हणजे मशीनची कांडी, बुबुळावर जरा जास्त दाबला की लांबी कमी येते, आणि एका मिलीमीटरची चूक म्हणजे अडीच-तीन नंबरचा फरक. माझी शस्त्रक्रिया कितीही सुबक झाली तरी पेशंट चष्म्याशिवाय हलू शकत नाही, आणि गावात नाव माझं खराब. हे मोजणारा हात माझा नसतो. माझ्याकडच्या ऑप्टोमेट्रिस्टला आकडा पटला नाही तर ती तीनदा मोजते, मी दारात उभा राहून घाई केली तरी. तिच्यावर मी ओरडलोय. नंतर माफीही मागितली आहे.

दुसरं, ऊसतोडीच्या आणि तुरीच्या हंगामात. पान किंवा धसकट डोळ्याला लागतं, माणूस मेडिकलमधून थेंब आणतो, त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवस लाली कमी होते, आणि आत बुरशी फोफावते. माझ्याकडं येतो तेव्हा बुबुळावर पांढरा डाग. अशी जखम लगेच ओळखून "हे थेंब बंद, आजच्या आज दवाखाना" एवढं सांगणारा माणूस तालुक्याला पाहिजे. गडी, तुझ्या वडिलांच्या दुकानात हेच शेतकरी येतात ना?

गंगाखेडचा_गडी
सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, तुमचं वाचलं आणि दुकानातच बसून होतो.

काल एक गोष्ट झाली ती लिहितो. दुपारी एक शेतकरी कपाशीवरच्या किडीसाठी औषध घ्यायला आला. आप्पांनी बाटली उचलली, हात लांब केला, मग आणखी लांब केला, दाराकडं उजेडात गेले, मग नेहमीसारखं म्हणाले, "ए, वाच रे, पंपाला किती लिवलंय." मी गेली दोन-तीन वर्षं हे वाचतोय. मी नसलो की शेजारच्या मेडिकलचा पोरगा वाचतो. मी आजवर समजत होतो की आप्पांना काम सांगायची सवय आहे.

मॅडमना मी सांगितलं होतं, घरात कुणाला चष्मा नाही.

मी आप्पांना म्हटलं, तुमचं वय किती? म्हणाले, "एकावन्न, कामून?" मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला दिसंना गेलंय. चिडले. "मला बांधावरची शेळी दिसती, तुला दिसती का?" मग जिंतूरच्या दादांनी लिहिलेलं आठवलं. बाजारात जाऊन डब्यातला प्लस दोनचा चष्मा आणला, फक्त दाखवायला. आप्पांनी तो घातला, बाटली नेहमीच्या अंतरावर धरली आणि बारीक अक्षरातलं सगळं वाचत बसले. तारीख, बॅच, उताऱ्याची सूचना, कंपनीचा पत्ता. गिऱ्हाईक ताटकळलं. मग बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "मागल्या साली त्या पाटलाला डोस कुणी सांगितला होता? तू होतास का मी?"

मी नव्हतो, नीटच्या क्लासला होतो. पण मी काही बोललो नाही. पाटलाची कपाशी तेव्हा करपली होती. कशानं ते कुणालाच माहीत नाही.

जिंतूरचा_चष्मेवाला
भाऊ, डब्यातला चष्मा तात्पुरता. आप्पांना एकदा नीट तपासून घे, दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो. आणि पन्नाशी झाली म्हणजे डोळ्याचा दाब आणि पडदा बघायलाच पाहिजे. शुगर आहे का?

गंगाखेडचा_गडी
आहे. सहा वर्षं झाली. पडदा कधीच तपासला नाही.

रेटिनोताई
मग फी भरायच्या आधी हे काम. शुगरवाल्याचा पडदा वर्षातून एकदा, दिसायला चांगलं असलं तरी. तुम्हाला जालना जमेल, गणपती नेत्रालयात न्या. तपासणीला बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, चारपाच तास उन्हात त्रास होतो, म्हणून गाडी आप्पांना चालवू देऊ नका. आणि तिथं आप्पांना डॉक्टरच्या आधी जो मुलगा किंवा मुलगी तपासेल, तिच्या हाताकडं बघत बसा.

कॉलेजबद्दल दोनच गोष्टी विचारा: कॉलेजचा स्वतःचा डोळ्यांचा दवाखाना आहे का, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पोरं रोज किती पेशंट स्वतः तपासतात. इमारत, एसी, लॅबचे फोटो बघू नका.

पुण्यातली_नोकरी
आणि आप्पा शेवटी काय म्हणाले ते सांग ना राव. सगळे त्यावरच अडकलेत.

गंगाखेडचा_गडी
हो किंवा नाही काहीच म्हणाले नाहीत. रात्री जेवताना माईला विचारलं, "होस्टेलला गादी आपली न्यावी लागती का तिथं मिळती?"

धर्माबादी
गादी न्या. तिथली ढेकणांची असते.